घरातील कुंडीत मान टाकलेला साल्व्हिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की रोपवाटिकांच्या दारात लाल साल्व्हियाच्या पिशव्या ओळीने मांडल्या जातात. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन होऊन गेले की पुढचे काही आठवडे माझ्याकडे याच रोपाविषयीचे प्रश्न सर्वाधिक येतात. बहुतेक प्रश्नांसोबत फोटो असतो आणि फोटोत बहुतेक वेळा एकच दृश्य असते: दिवाणखान्यातील कोपरा, चकचकीत कुंडी, ओली माती आणि पाने गळून वर चार पानांचा झुपका उरलेले रोप. घरातील साल्व्हिया क्वचितच एका कारणाने खचतो. कमी उजेड आणि जास्त पाणी ही जोडगोळी त्याला संपवते, म्हणून उत्तरे देताना मी आधी उजेड, मग पाणी आणि सर्वांत शेवटी खत असा क्रम ठेवला आहे. वाचतानाही तोच क्रम ठेवावा, अशी विनंती आहे.

१. आमच्याकडे ‘साल्व्हिया’ म्हणून आलेले रोप नेमके कोणते, हे कसे ओळखावे?

साल्व्हिया हे एका रोपाचे नाव नसून तुळस आणि पुदिना यांच्या कुळातील एका मोठ्या प्रजातीचे नाव आहे, आणि तिच्यात हजाराच्या आसपास जाती आहेत. चौकोनी खोड आणि समोरासमोर जोडीने येणारी पाने ही त्या कुळाची खूण असून खोड दोन बोटांत फिरवले तरी त्याच्या कडा हाताला लागतात.

आपल्याकडे घरात येणारी रोपे बहुधा तीन प्रकारांतील असतात. लाल तुऱ्यांचा तो साल्व्हिया स्प्लेंडेन्स. तो मूळचा ब्राझीलचा असून त्याची पाने पातळ, हिरवीगार आणि तुळशीच्या पानांपेक्षा रुंद असतात. निळ्या-जांभळ्या सडपातळ तुऱ्यांचा तो साल्व्हिया फॅरिनेशिया. तो मेक्सिको व टेक्सासकडचा असून त्याच्या तुऱ्याच्या दांड्यावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव दिसते. तिसरा म्हणजे स्वयंपाकातला सेज. तो भूमध्य समुद्राच्या काठचा असून त्याची पाने जाडसर, राखाडी-हिरवी व खरखरीत असतात आणि चुरगळल्यावर त्यांना कापराच्या जवळ जाणारा वास येतो. रोझमेरीलाही २०१७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ साल्व्हिया प्रजातीतच धरू लागले आहेत आणि तिची निगा सेजसारखीच असते.

हा भेद केवळ माहितीसाठी नाही. लाल साल्व्हियाला पाण्याची ओढ लवकर लागते, सेज आणि रोझमेरी यांना कोरडेपणा मानवतो आणि निळा साल्व्हिया या दोहोंच्या मधोमध बसतो. पुढील उत्तरांत जातीचा वेगळा उल्लेख नसेल तेथे ते लाल व निळ्या साल्व्हियाविषयी आहे असे समजावे. सेजसाठी प्रश्न १७ पाहावा.

२. साल्व्हिया घरात जगतो का? की तो मुळात बाहेरचेच रोप आहे?

तो उन्हातलेच रोप आहे आणि हे मान्य करूनच त्याला घरात ठेवावे. मनीप्लांट किंवा स्नेक प्लांट ही रोपे सावलीची सवय असणारी आहेत, साल्व्हिया तसा नाही. रोज किमान चार तास थेट ऊन मिळणारी खिडकी, ग्रीलमधील फळी किंवा बंदिस्त केलेली गॅलरी असेल, तर तो आत उत्तम फुलतो. असे ऊन नसेल, तर कृत्रिम उजेडाची सोय करावी लागते (प्रश्न ३ चा शेवट). दोन्ही शक्य नसल्यास फुललेले रोप चार-पाच दिवस शोभेसाठी दिवाणखान्यात आणावे आणि पुन्हा उन्हात नेऊन ठेवावे. टीव्हीशेजारच्या टेबलावर कायमचा ठेवलेला साल्व्हिया महिना-दीड महिन्याच्या पुढे टिकलेला मी पाहिलेला नाही.

३. कोणत्या दिशेची खिडकी चांगली? आमच्या खिडकीत ‘भरपूर उजेड’ आहे, तो पुरेसा आहे का?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर ऋतूप्रमाणे बदलते आणि गोंधळ तेथेच होतो. डिसेंबरात पुण्यासारख्या ठिकाणी सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो व दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत चांगले आतपर्यंत येते. पुढे सूर्य वर चढत जातो आणि मेच्या मध्यास पुणे-मुंबईच्या थेट डोक्यावर येतो. तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. परिणामी हिवाळ्यात साल्व्हियाने बहरलेली दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात जवळजवळ उन्हावाचून राहते. ‘जागा तीच, पाणी तेवढेच, मग एप्रिलपासून रोप का खंगले?’ या तक्रारीमागे कित्येकदा हेच कारण असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दक्षिणेची आणि मार्चपासून पूर्वेची खिडकी, अशी बदली केली तर रोप सुखी राहते. पश्चिमेचे एप्रिल-मेमधील ऊन पातळ पानांना भाजते, तेथे पडद्याची आड धरावी.

‘भरपूर उजेड’ याबाबत आपला डोळा फसतो, कारण तो अंधाराशी चटकन जुळवून घेतो. त्यापेक्षा एक साधी पारख करावी. सकाळी दहा-अकराच्या सुमारास रोपाच्या पानांवर हाताचा तळवा वीतभर उंच धरावा. पाचही बोटे वेगळी ओळखू येतील अशी ठसठशीत सावली पडली, तर उजेड पुरेसा आहे. नुसता धूसर डाग दिसला, तर फुले येणार नाहीत. आणि सावलीच पडली नाही, तर त्या जागी रोप ठेवू नये. रंगीत किंवा आरसा लावल्यासारख्या काचा आणि डासांची बारीक जाळी यांमुळेही उजेड बराच कमी होतो. शक्य असेल तर दिवसा ती काच सरकवून ठेवावी. काचेपासून हातभर अंतर आणि तीन हात अंतर यांत साल्व्हियाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो.

कृत्रिम उजेडासाठी पांढऱ्या प्रकाशाची एलईडी ट्यूब चालते. ती शेंड्यापासून २० ते ३० सेंटिमीटरवर टांगावी आणि रोज १२ ते १४ तास चालू ठेवावी. छताला लावलेला दिवा या कामाचा नाही.

४. रोप आणले तेव्हा फुलांनी डवरलेले होते. आठ-दहा दिवसांत खालची पाने पिवळी पडून गळू लागली. आमचे काय चुकले?

बहुधा काही चुकलेले नसते. रोपवाटिकेत हे रोप उघड्यावर किंवा हिरव्या जाळीखाली मोकळ्या हवेत वाढलेले असते. तेथून एकदम खोलीत आल्यावर त्याला पूर्वीइतकी पाने पोसता येत नाहीत आणि ते खालची पाने सोडून देते. थोडी पानगळ होऊन आठवडाभरात थांबली, तर चिंता करू नये. पहिले सात-आठ दिवस रोप गॅलरीत, मग खिडकीत, अशी सवय लावत आत आणावे आणि या काळात खत देऊ नये.

दुसरे कारण मात्र दिसत नाही, म्हणून ते शोधावे लागते. अनेक रोपवाटिकांत रोप चिकट लाल मातीच्या घट्ट हुंडीत (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात) भरलेले असते. आपण ती हुंडी तशीच नव्या भुसभुशीत मातीत ठेवतो. पाणी घातले की ते भोवतीच्या मोकळ्या मातीतून सरळ खाली उतरते आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो. एकदा एका मैत्रिणीने ‘रोज पाणी घालूनही वाळतो’ म्हणून आणलेले रोप मी कुंडीतून काढले. बाहेरची माती ओलीचिंब होती आणि मधला लाल गोळा बोटाने दाबल्यावर वाळलेल्या विटेसारखा फुटला. अशी शंका आल्यास रोप काढून हुंडी अर्धा तास पाण्याच्या भांड्यात बुडवावी, बुडबुडे थांबले की बाहेर काढावी, बाहेरची माती बोटांनी हलकेच मोकळी करावी आणि पुन्हा लावावी. मुळे ओढू नयेत.

५. पाणी किती दिवसांनी घालावे?

दिवस ठरवून पाणी घालणे हीच मूळ चूक आहे. मातीला वाफसा आला (जादा ओल ओसरून माती मोकळी झाली) की पाणी, हा शेतातला नियम कुंडीलाही लागू आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे; तेथे ओल जाणवत असेल तर पाणी घालू नये. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असलेल्या कुंडीत वरचा थर फिकट, कोरडा दिसतो आणि खाली पूर्ण ओल असते, त्यामुळे नुसते पाहून ठरवू नये. आणखी भरवशाची सवय म्हणजे कुंडी उचलून पाहणे. पाणी घातल्यावर एकदा आणि कोरडी झाल्यावर एकदा तिचे वजन हातात घेतले, की पुढे केवळ उचलून अंदाज येतो.

पाणी द्यायचे तेव्हा तळाच्या छिद्रांतून बाहेर पडेपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. रोज कपभर पाणी घालण्याने वरची दोन इंच माती कायम ओली राहते आणि खालची मुळे तहानलेली राहतात. हिवाळ्यात खिडकीतील आठ इंची कुंडीला साधारण तीन-चार दिवसांनी, तर उन्हाळ्यात कधी रोजही पाणी लागते. हे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत, बोटाचे म्हणणे अंतिम मानावे. पाणी सकाळी आणि मातीवर घालावे, पानांवर नव्हे.

६. माती ओली आहे तरी रोप मान टाकून उभे आहे. आणखी पाणी घालावे का?

कृपया घालू नये. या एका चुकीने जितकी रोपे गेली आहेत तितकी कोणत्याही किडीने गेलेली नाहीत. तहानलेला साल्व्हिया मान टाकतो, पण पाणी मिळाल्यावर तास-दोन तासांत ताठ उभा राहतो. माती ओली असताना मान टाकलेल्या रोपाची मुळे कुजलेली असण्याचा संभव असतो: त्यांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे पाण्यात उभे राहूनही रोप तहानेने मरते.

खात्री करण्यासाठी रोप कुंडीतून काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट बदामी असते आणि ओढले तर ताण देते. कुजलेले मूळ तपकिरी-काळे असते. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढले की वरची साल मोजा निघावा तशी निघून येते आणि हातात केसासारखा धागा उरतो. नाल्यासारखा कुबट वासही येतो.

अर्ध्याहून अधिक मुळे चांगली असतील, तर रोप वाचू शकते. ओली माती झाडून मुळे साध्या पाण्यात धुवावीत, कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापावा, फुले व कळ्या सगळ्या काढाव्यात आणि पाला सुमारे एक तृतीयांश छाटावा, कारण उरलेल्या मुळांना तेवढाच भार पेलतो. नंतर मुळे जेमतेम मावतील अशा लहान कुंडीत, नव्या व किंचित ओलसर मातीत रोप लावावे. कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशीची) पूड मातीत मिसळल्यास पुढील कूज रोखण्यास मदत होते. दहा-बारा दिवस थेट ऊन न येणाऱ्या परंतु उजळ जागी ठेवावे, खत देऊ नये, आणि नवा कोंब दिसल्यावर हळूहळू उन्हात आणावे. मुळे जवळजवळ सगळीच गेली असतील, तर जुने रोप वाचवण्याची धडपड सोडून वरच्या निरोगी शेंड्यांची कलमे करावीत (प्रश्न १५).

एक अपवाद ध्यानात ठेवावा. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी ओल्या मातीतही पाने लुळी पडतात आणि संध्याकाळी पूर्ववत होतात. ती उष्णतेची प्रतिक्रिया असते, कूज नव्हे. निदान नेहमी सकाळची स्थिती पाहूनच करावे.

७. कुंडी केवढी आणि माती कशी असावी?

एका रोपाला सहा ते आठ इंची कुंडी पुरते. ‘ऐसपैस वाढू दे’ म्हणून बारा इंची कुंडीत लावलेल्या लहान रोपाभोवती न वापरलेली ओली माती दिवसेंदिवस तशीच राहते, आणि मूळकूज तेथूनच सुरू होते. भाजलेल्या मातीची कुंडी घरात सर्वांत चांगली, कारण तिच्या भिंतींतूनही ओल उडून जाते. बिनछिद्राच्या शोभेच्या कुंडीत थेट लावू नये. साध्या कुंडीत लावून ती आत ठेवावी आणि पाणी देताना बाहेर काढावी.

दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चाळलेले गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा पेरलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) हे मिश्रण घरातील उजेडात मला योग्य वाटते. शेतातील काळी माती कितीही कसदार असली तरी कुंडीत वापरू नये. ती ओली असताना गच्च होते आणि वाळल्यावर भेगाळून मुळे तोडते.

८. पाने पिवळी पडतात, पण सगळी सारखी नाहीत. त्यावरून काही कळते का?

बरेच कळते. फक्त खालची, जुनी पाने एकसारखी पिवळी होत असतील आणि माती ओली राहत असेल, तर प्रश्न ५ व ६ पाहावेत. माती योग्य असेल आणि रोप महिनोन्महिने त्याच कुंडीत असेल, तर नत्राची उणीव समजावी. वरची, नवी पाने पिवळी आणि त्यांतील शिरा हिरव्या असतील, तर रोपाला लोह मिळत नाही. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्याने माती हळूहळू विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) होते आणि मातीत असलेले लोहही मुळांना उचलता येत नाही. अशा वेळी चिलेटेड लोहाची (मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातील लोहाची) मात्रा द्यावी आणि शक्य तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे.

पानांच्या कडा करपून तपकिरी होत असतील आणि मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल, तर क्षार साचले आहेत. साल्व्हियाला क्षार फारसे सोसत नाहीत. वरचा थर खरवडून काढावा, कुंडी मोरीत ठेवून तिच्या मापाच्या दुप्पट साधे पाणी सावकाश ओतावे व पूर्ण निथळू द्यावे. त्यानंतर तीन-चार आठवडे खत बंद ठेवावे.

९. खत कोणते द्यावे? चहाचा चोथा, केळीच्या साली, एप्सम सॉल्ट यांचा उपयोग होतो का?

आजारी रोपाला खत देणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला पुरणपोळी वाढणे आहे. आधी उजेड आणि पाणी मार्गी लावावे, नवी पालवी फुटू द्यावी, मगच खताचा विचार करावा. वाढत्या रोपाला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या सौम्य प्रमाणात पंधरा दिवसांनी पुरते. कोरड्या मातीत खताचे पाणी कधीही घालू नये. आधी साधे पाणी द्यावे.

चहाचा चोथा व केळीच्या साली कंपोस्टमध्ये घालाव्यात, घरातील कुंडीत थेट नव्हे. तेथे त्या नीट कुजत नाहीत, बुरशी धरतात आणि मातीवर बारीक काळी चिलटे घोंगावू लागतात. त्यांच्या अळ्या नाजूक मुळे खातात. साखर घातलेल्या चहाचा न धुतलेला चोथा तर मुंग्यांनाही बोलावतो. एप्सम सॉल्टमधून मॅग्नेशियम मिळते. त्याचीच कमतरता असेल तर ते उपयोगी, अन्यथा कुंडीतील क्षारांत आणखी भर पडते.

१०. रोप लांबट आणि किडकिडे झाले आहे, फुले येत नाहीत. शेंडे खुडावेत का?

दोन पेरांतील अंतर वाढणे आणि रोप खिडकीकडे झुकणे ही उजेड कमी पडल्याची स्पष्ट लक्षणे आहेत. उजेड वाढवल्यावाचून केवळ शेंडे खुडले, तर फुटणाऱ्या नव्या फांद्याही तशाच लांबट होतील. जागा बदलून आठवडाभर थांबावे आणि मग प्रत्येक फांदी पानांच्या जोडीच्या लगेच वर, उंचीच्या सुमारे एक तृतीयांश खाली कापावी. त्या जोडीच्या बेचक्यांतून दोन कोंब फुटतात आणि पाच-सहा आठवड्यांत तुरे येऊ शकतात. कुंडी दर दोन दिवसांनी पाव फेरा फिरवल्यास रोप एका अंगाला वाढत नाही. नत्र जास्त झाले तरी पाला माजतो आणि फुले रोडावतात, पण घरात हे कारण क्वचितच आढळते.

११. लाल नळीसारखी फुले रोज गळून खाली पडतात. हा रोग आहे का?

नाही. गळते ती पाकळ्यांची नळी, जिचे आयुष्य थोड्याच दिवसांचे असते. मागे राहणारी लाल घंटेसारखी पुष्पकोशाची रचना पुढे कित्येक दिवस रंग धरून राहते आणि तुऱ्याची शोभा खरे तर तिच्यामुळेच असते. ती फिकट पडू लागली की संपूर्ण तुरा पानांच्या पहिल्या जोडीपर्यंत कापावा, म्हणजे रोपाची शक्ती बी धरण्यात खर्च होत नाही. उमलण्याआधीच कळ्या गळत असतील, तर मात्र मातीतील ओल आणि उष्णता तपासावी.

१२. पानांवर बारीक पांढुरके ठिपके आहेत किंवा पाने चिकट लागतात. ही कोणती कीड?

पान उलटे करून पाहावे, कारण किडी बहुधा तेथेच असतात. बारीक ठिपके आणि पेरांजवळ कोळिष्टकासारखी नाजूक जाळी असेल, तर तो लाल कोळी. पानाखाली कोरा कागद धरून पान टिचकीने झटकावे. कागदावर पडलेले कण चालू लागले, तर निदान पक्के झाले. तो कोरड्या, उष्ण, कोंदट हवेत वाढतो. रोपाला हात लागताच पांढरे कण भुर्रकन उडाले तर पांढरी माशी, कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे पुंजके असतील तर मावा, आणि बेचक्यांत कापसासारखे गोळे असतील तर पिठ्या ढेकूण.

पहिला उपाय सर्वांना एकच आहे. कुंडीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधावी, रोप आडवे धरावे आणि नळाच्या मध्यम धारेखाली पाने खालून धुवावीत. असे तीन दिवसांच्या अंतराने तीन वेळा केले, तर निम्म्याहून अधिक प्रकरणे येथेच मिटतात. पुरेसे न झाल्यास एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि दोन मिलिलिटर सौम्य द्रव साबण घुसळून संध्याकाळी फवारावे. आधी एका पानावर प्रयोग करून दोन दिवस थांबावे. पिठ्या ढेकणासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक गोळा पुसून घ्यावा. कीड लागलेले रोप तोपर्यंत इतर रोपांपासून दूर ठेवावे.

१३. पानांवर पांढरी भुकटी पडल्यासारखी दिसते. ती पुसली तरी पुन्हा येते.

ही भुरी, म्हणजे बुरशी आहे. दिवसा उबदार व रात्री गार अशा दिवसांत, हवा न खेळणाऱ्या जागी ती पसरते. भुरीची पाने काढून टाकावीत, दाट फांद्या विरळ कराव्यात आणि रोपाजवळ हवा फिरती ठेवावी. तरीही वाढल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, रोप गॅलरीत नेऊन फवारावे. कडुनिंब तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत आणि कडक उन्हाळ्यात गंधक वापरू नये, पाने भाजतात. निळ्या साल्व्हियाच्या दांड्यावरील पांढरी लव ही भुरी नव्हे (प्रश्न १).

१४. एसीच्या खोलीत ठेवला तर चालेल का?

खोलीत चालेल, एसीच्या झोतात नाही. थंड कोरडा झोत पानांच्या कडा वाळवतो आणि लाल कोळ्याला आमंत्रण देतो. शिवाय अशा खोल्यांतील पडदे दिवसभर ओढलेले असतात, आणि खरी अडचण ती असते.

१५. कलम कसे करावे?

कळी नसलेल्या फांदीचा आठ-दहा सेंटिमीटरचा शेंडा पेराच्या लगेच खाली कापावा, खालची पाने काढावीत, वर दोन जोड्या ठेवाव्यात. फांदीवर कळ्याच असतील, तर त्या खुडाव्यात. ओलसर कोकोपीट आणि वाळू सारख्या प्रमाणात घेऊन त्यात दोन पेरे गाडावीत व वरून छिद्रे पाडलेली पारदर्शक पिशवी घालावी. ऊन थेट न लागणाऱ्या उजळ जागी दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. हलके ओढल्यावर कलमाने धरून ठेवले, की समजावे. एका रोपाची निदान चार कलमे लावावीत, कारण सगळी जगत नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल असतो.

१६. हिवाळाभर फुललेला लाल साल्व्हिया एप्रिलमध्ये वाळू लागला. एवढी निगा राखूनही असे का होते?

आपल्याकडे लाल साल्व्हिया हंगामी फुलझाड म्हणून लावला जातो. मूळच्या उबदार प्रदेशात तो बहुवर्षायू असला, तरी बाजारात मिळणारी बुटकी वाणे एका हंगामात भरभरून फुलण्यासाठीच तयार केलेली असतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो टिकवणे फार कठीण आहे. महाबळेश्वरसारख्या थंड हवेच्या ठिकाणी तो अधिक काळ जगतो. त्यामुळे चार-पाच महिने फुललेले रोप गेले, तर ते आपल्या हलगर्जीपणाने गेले असे मानू नये. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण दरवर्षी अनेक जण खऱ्या दुःखाने लिहितात आणि स्वतःला दोष देतात.

रोप टिकवायचेच असेल, तर मार्चअखेर अर्धे छाटावे, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल असे ठेवावे आणि कलमे करून घ्यावीत. बी धरायचे असल्यास दोन तुरे तसेच वाळू द्यावेत. मात्र संकरित वाणांच्या बियांतून आईसारखीच रोपे येतील याची खात्री नसते. बी पेरताना मातीखाली पुरू नये, वर पसरून हलके दाबावे. रुजण्यासाठी त्याला उजेड लागतो.

१७. सेजची पाने पावसाळ्यात काळी पडून गळतात. मुंबईत सेज ठेवूच नये का?

ठेवता येतो, पण जून ते सप्टेंबर हा त्याचा परीक्षेचा काळ आहे. सेजला त्याच्या मूळ प्रदेशातील कोरडा उन्हाळा आणि खडकाळ उतार यांची सवय आहे. कोकणातील दमट हवा त्याच्या लवदार पानांवर बसून राहते. मिश्रणात निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी घालावी, माती वरून अर्ध्यापर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे, आणि दिवसातून काही तास मंद पंखा रोपावर फिरू द्यावा. जमिनीला टेकणारी पाने काढून टाकावीत. खालचे जुने, लाकडी झालेले खोड छाटू नये. त्यावर पुन्हा पालवी फुटेलच असे नसते, म्हणून छाटणी नेहमी हिरव्या भागातच थांबवावी. लाल साल्व्हियासाठीचे खताचे प्रमाण सेजला जास्त होते, निम्मे पुरते.

१८. आम्ही परदेशात राहतो. थंडीत घरात आणलेला साल्व्हिया हीटिंग सुरू होताच खंगतो. काय करावे?

आधी जात पाहावी, कारण प्रत्येक साल्व्हिया आत आणायचा नसतो. निळ्या-जांभळ्या तुऱ्यांचा, थंडी सोसणारा साल्व्हिया नेमोरोसा हिवाळ्यात जमिनीलगत वाळतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. त्याला उबदार खोलीत ठेवले तर त्याची विश्रांती मोडते. सेजही बर्फाळ थंडी बऱ्यापैकी सोसतो. लाल साल्व्हिया मात्र पहिल्या हिमकणांपूर्वीच आत घ्यावा. रेडिएटरच्या वरची खिडकी टाळावी, कारण तेथील कोरड्या गरम हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. उत्तरेकडील देशांत डिसेंबरचा दिवस इतका लहान असतो की दक्षिणेची खिडकीही पुरत नाही आणि कृत्रिम उजेड आवश्यक ठरतो (प्रश्न ३). उजेड कमी तेव्हा पाणीही कमी, हे विसरू नये.

१९. पाने खाता येतात का? घरात लहान मूल आणि मांजर आहे.

स्वयंपाकात वापरावा तो फक्त सेज आणि रोझमेरी. लाल व निळा साल्व्हिया शोभेसाठीच आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या सेजवर कोणती फवारणी झाली आहे हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून आणल्यानंतर फुटलेली नवी पालवीच वापरावी. सेजमध्ये थुजोन नावाचे द्रव्य असते; चिमूटभर पाने पदार्थात घालणे वेगळे आणि काढा करून रोज पिणे वेगळे. गरोदर स्त्रियांनी आणि अपस्माराच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून असा काढा घेऊ नये. मूल किंवा मांजर पाने तोडत असेल, तर फवारणीनंतरचे काही दिवस कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

२०. सगळी पाने गळाली, नुसत्या काड्या उरल्या आहेत. रोप गेले, हे कसे ठरवावे?

शेंड्याकडून सुरुवात करून नखाने साल जराशी खरवडावी. आत ओलसर हिरवा रंग दिसला, तर ती फांदी जिवंत आहे. कोरडा बदामी रंग दिसला, तर दोन बोटे खाली सरकून पुन्हा पाहावे. जेथे हिरवे लागेल त्याच्या खालच्या पेराच्या वर काडी कापावी, मातीत किंचित ओल ठेवावी आणि तीन आठवडे वाट पाहावी. या काळात पाने नसल्याने रोपाला पाणी अगदी थोडे लागते, आणि काळजीपोटी रोज घातलेले पाणीच अनेकदा उरलेला जीव घेते.

मातीपर्यंत कुठेच हिरवे लागले नाही, तर रोप काढून टाकावे. माती मात्र फेकू नये. मुळे चाळून काढावीत आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात ती किंचित ओलसर करून, पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ थरात गच्चीवर महिनाभर तापवावी. मूळकुजीने गेलेल्या रोपाची माती असेल, तर एवढे करूनही तीत पुन्हा साल्व्हिया लावू नये. ती बाहेरच्या मोठ्या झाडांच्या आळ्यात टाकावी आणि कुंडी गरम पाण्याने घासून उन्हात वाळवावी.